आंतरजालावरील दफ्तर : प्रस्तावना

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या कचेऱ्यांचा, शाळांचा, पतसंस्थांचा आणि गृहनिर्माण संस्थांचा लेखनव्यवहार कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आला, आणि तिथे तो स्थिरस्थावर होतो न होतो तोच आंतरजालाच्या मार्गाने दूर कुठेतरी असलेल्या, काम करणाऱ्याच्या दृष्टीस कधीही न पडणाऱ्या यंत्रांवर गेला. इतक्या थोड्या अवधीत दोन स्थलांतरे घडलेल्या दफ्तरात माणसांची वारंवार तारांबळ उडावी, हे स्वाभाविकच होय. परंतु या तारांबळीचे प्रसंग जो जवळून पाहील त्याच्या ध्यानी येईल, की ते सर्वत्र सारखेच असतात : साखर कारखान्यातील हिशेबनीस ज्या ठिकाणी अडतो, त्याच ठिकाणी गृहसंस्थेचा मानद चिटणीस अडतो आणि शाळेतला लिपिकही तिथेच अडतो. ज्या अर्थी चुका सारख्या आहेत त्या अर्थी त्यांची कारणे माणसांच्या बुद्धीत नसून कामाच्या स्वरूपात असली पाहिजेत, अशी माझी धारणा झाली, आणि त्या कारणांचा यथामति शोध घेण्याच्या हेतूने ही पुस्तिका लिहिली आहे.

कोणती कळ पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात आहे हे सांगणारी पुस्तके बाजारात पुष्कळ मिळतात, आणि ती वर्षभरात शिळी होतात, कारण या प्रणालींचे निर्माते कळांच्या जागा, रंग आणि नावे सतत बदलत असतात. म्हणून इथे कळांचे वर्णन जवळजवळ नाही. ज्याला आपण करीत असलेल्या कृतीचा अर्थ ठाऊक आहे, त्याला कळ शोधून काढण्यास फार तर दोन मिनिटे लागतील. ज्याला तो अर्थ ठाऊक नाही, त्याला कळ सापडूनही तिचा उपयोग नाही, आणि कित्येकदा ती सापडल्यामुळेच त्याच्या हातून अनर्थ घडतो.

कागदाच्या दफ्तरात दस्तऐवज ही एक वस्तू होती. ती एका वेळी एकाच ठिकाणी असे, एकाच्याच ताब्यात असे, तिच्यावर कोणी काय लिहिले ते हस्ताक्षरावरून कळे, आणि ती पुरी झाली की नाही हे सही-शिक्क्यावरून ठरे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत, आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडून १९३० ते १९३४ या काळात संपादित केलेले ४५ खंड मराठी वाचकांस परिचित आहेत. पेशवाईच्या काळातील सरकारी पत्राच्या अखेरीस ‘मोर्तब सूद’ किंवा ‘लेखनसीमा’ अशा अक्षरांचा लहानसा शिक्का उमटवीत. तो एवढ्यासाठी, की मजकूर इथे संपला आहे आणि यापुढे कोणी एखादी ओळ घुसडू नये. लांबलचक पत्रासाठी कागदाला कागद चिकटवलेला असेल, तर पाठीमागे सांध्यावरही शिक्का करीत. मूळ प्रत कोणती, ती कोणाजवळ आहे, लिहिणारा कोण आणि लेखन पुरे केव्हा झाले, या चारही प्रश्नांची उत्तरे अशा रीतीने त्या एका कागदातच सामावलेली असत, आणि पिढ्यान्‌पिढ्या कागदावर काम केलेल्या आपल्या मनाला ती निरनिराळी मागण्याची सवयच उरलेली नाही. आंतरजालावरील दफ्तरात नेमकी हीच चार उत्तरे एकमेकांपासून सुटी झाली आहेत. दस्तऐवज एके ठिकाणी, त्याचा मालक दुसरीकडे, लिहिणारे चौघे चार गावी, आणि तो पुरा झाल्याची खूण भलत्याच पडद्यावर. ज्यांना आपण या प्रणालींचे गोंधळ म्हणतो त्यांपैकी बहुतेक या विभक्तपणातून उत्पन्न होतात, असे माझे मत आहे.

सर्वांत अधिक नुकसान करणारा गोंधळ लेखन पुरे झाल्याच्या खुणेविषयीचा आहे, म्हणून त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे अवश्य आहे. आंतरजालावरील प्रणाली या बाबतीत दोन परस्परविरुद्ध स्वभावांच्या असतात. गूगल डॉक्ससारखी प्रणाली (जिचा पूर्वज ‘रायटली’ या नावाने २००५ साली अवतरला आणि पुढच्याच वर्षी गूगलने विकत घेतला) लिहिणाऱ्याचे एकेक अक्षर उमटताक्षणीच जतन करते. तिथे ‘सेव्ह करणे’ ही निराळी क्रिया उरलेलीच नाही. त्यामुळे एखादा परिच्छेद केवळ प्रयोग म्हणून खोडून पाहणाऱ्याला असे वाटत राहते, की आपण जतन न करता बाहेर पडलो म्हणजे सारे पूर्ववत होईल. प्रत्यक्षात तो परिच्छेद त्याच्याबरोबर त्या दस्तऐवजाच्या इतर सर्व भागीदारांच्या दृष्टीनेही नाहीसा झालेला असतो. सुदैवाने अशा प्रणाली मागील आवृत्त्यांचा इतिहासही राखतात, आणि तो उघडून पाहण्याची सवय लागली की निम्मी भीती आपोआप निघून जाते. याच्या उलट स्वभाव अर्ज भरून घेणाऱ्या संकेतस्थळांचा. तिथे चार पाने भरून झाली, दाखले जोडून झाले, तरी शेवटची कळ दाबली जाईपर्यंत कचेरीच्या लेखी काहीही घडलेले नसते.

मुदतीच्या अखेरच्या दिवशी असला अर्ज भरणाऱ्या एका लिपिकाचे उदाहरण मला जवळून ठाऊक आहे. त्याने सारा तपशील बिनचूक भरला, प्रत्येक पानाखालची ‘जतन करा’ ही कळ दाबली, ‘आपली माहिती यशस्वीरीत्या जतन झाली आहे’ हा हिरव्या अक्षरांतील संदेश स्वतः वाचला, आणि संगणक बंद करून तो समाधानाने घरी गेला. आठवड्याने यादी लागली तीत त्याच्या संस्थेचे नाव नव्हते. “साहेब, मी सेव्ह केलं होतं, मी डोळ्यांनी बघितलं,” असे तो वरिष्ठांना काकुळतीने सांगत होता, आणि त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. मसुदा जतन झाला होता, अर्ज मात्र दाखल झालेला नव्हता. कागदाच्या कचेरीत हा भेद त्याला कोणी शिकवावा लागला नसता. आपण लिहून टेबलाच्या खणात ठेवलेला अर्ज आणि बारनिशीत नोंदवून आवक क्रमांक पडलेला अर्ज यांतील अंतर तो नोकरीच्या पहिल्या आठवड्यातच शिकला होता. पडद्यावरही त्या आवक क्रमांकाचाच शोध घ्यावयाचा असतो. अर्जाचा क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख-वेळ छापलेली पोच हाती येईपर्यंत अर्ज गेला असे कोणीही समजू नये, आणि ती पोच त्याच क्षणी उतरवून संस्थेच्या फायलीत लावल्याखेरीज जागेवरून उठू नये, हा या पुस्तिकेतील पहिला नियम आहे व तो मी जाणूनबुजून पहिला ठेवला आहे.

याच्याच शेजारी दुसरा एक गोंधळ नांदतो. भरणा करताना चाक फिरत राहते, पान पुढे सरकत नाही, आणि माणूस अधीर होऊन ते पान पुन्हा उघडतो किंवा मागे जाण्याचा बाण दाबतो. ‘हा अर्ज पुन्हा पाठवावयाचा आहे काय?’ अशा आशयाचा जो इशारा न्याहाळक (ब्राउझर) अशा वेळी देतो, तो वाचण्याची तसदी फार थोडे लोक घेतात, आणि परिणामी एकाच फीचा दोनदा भरणा होतो. पैसे खात्यातून गेले की नाहीत याची खातरजमा बँकेच्या नोंदीवरून करावी, पडद्यावरील चाकावरून करू नये. या विषयी याहून अधिक लिहिण्याजोगे काही नाही.

असे का घडते, हे ज्यांना समजून घ्यावयाचे आहे त्यांच्यासाठी थोडा इतिहास सांगतो. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत ज्या जालाची कल्पना मांडली, त्या जालाच्या संभाषणपद्धतीत स्मृतीची सोय नव्हती. न्याहाळकाने एक पान मागावे, यंत्राने ते द्यावे, आणि देताक्षणी मागणाऱ्याला विसरून जावे, असा तो रिवाज. संशोधनलेख वाचण्यास तो पुरेसा होता. परंतु खरेदी, भरणा किंवा कचेरीचे काम यांसाठी मघाचा माणूस तो हाच, हे यंत्राला ओळखता येणे आवश्यक झाले. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी यावर तोड काढली : यंत्राने पहिल्या भेटीत न्याहाळकाजवळ एक लहानशी चिठ्ठी ठेवावयास द्यावी, आणि न्याहाळकाने प्रत्येक पुढील मागणीबरोबर ती दाखवावी. ‘कुकी’ म्हणतात ती हीच. आपण ‘लॉग-इन झालो’ असे म्हणतो तेव्हा आपल्या न्याहाळकाजवळ अशी एक मुदतीची चिठ्ठी आलेली असते, इतकाच त्याचा अर्थ. तिची मुदत संपली की अर्धवट भरलेले पान डोळ्यांसमोर तसेच राहते, पण पलीकडचे यंत्र आपल्याला ओळखेनासे होते. आणि ती चिठ्ठी माणसाजवळ नसून न्याहाळकाजवळ असल्यामुळे, सायबर कॅफेतील किंवा शिक्षकांच्या खोलीतील सामायिक संगणकावरून केवळ उठून गेल्याने आपण बाहेर पडत नाही. मागून येऊन बसणारा माणूस आपल्याच नावाने कामास लागू शकतो.

एकाच न्याहाळकात दोन खाती उघडी ठेवणाऱ्यांची फजिती याच चिठ्ठीतून होते. शाळेने दिलेले खाते आणि शिक्षिकेचे स्वतःचे खाते अशी दोन्ही उघडी असतात, मुख्याध्यापकांनी पाठवलेला दुवा स्वतःच्या खात्यातून उघडला जातो, ‘आपणास परवानगी नाही’ असा संदेश येतो, आणि बाई परवानगीची विनंती पाठवून मोकळ्या होतात. विनंती पाहून मुख्याध्यापक बुचकळ्यात पडतात, कारण त्यांनी परवानगी कालच दिलेली असते. ती शाळेच्या खात्याला दिलेली असते. अखेरीस कंटाळून ते दस्तऐवज ‘दुवा असलेल्या कोणालाही’ खुला करून टाकतात. पहिल्या गोंधळाचे निवारण अशा रीतीने दुसऱ्या, पुष्कळच घातक गोंधळाने होते. त्या दस्तऐवजात विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा आणि पालकांचे दूरध्वनी क्रमांक असतील, तर तो दुवा कोणाच्या हातून कोणत्या व्हॉट्सॲप गटात जाईल याला काहीही धरबंध उरत नाही, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा २०२३ साली संमत झाल्यानंतर तरी ही बाब केवळ शिष्टाचाराची राहिलेली नाही. कामाचे आणि घरचे खाते न्याहाळकाच्या दोन वेगळ्या प्रोफाइलांत ठेवणे, आणि परवानगी माणसागणिक देणे (कोणी केवळ पाहावे, कोणी शेरा मारावा, कोणी मजकुरात बदल करावा हे ठरवून देणे), यास आरंभी जो त्रास पडतो तो पत्करलाच पाहिजे, याविषयी माझ्या मनात मुळीच संदेह नाही.

अनेकांनी एकाच कोष्टकावर काम करण्याने जी सोय झाली आहे ती वादातीत आहे. पूर्वी हिशेबाची वही चार टेबलांवर फिरून येण्यास जो काळ लागे तो आता लागत नाही. परंतु चौघांची वही एकच आहे, ही जाणीव हाताला नसते. पतसंस्थेच्या सभासदांची एक यादी कल्पावी. पहिल्या स्तंभात सभासद क्रमांक, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात ठेव, चौथ्यात बँक खाते. नावे अकारविल्हे लावावी म्हणून कोणी केवळ नावांचा स्तंभ निवडला आणि तेवढाच क्रमाने लावला, तर नावे वरखाली सरकतात आणि ठेवी मात्र जागच्या जागी राहतात; म्हणजे आडव्या ओळीचा सांधा तुटतो, आणि सावंतांची ठेव आपटेंच्या नावासमोर जाऊन बसते. पडद्यावर काहीही विपरीत दिसत नाही. यादी उलट अधिक नीटनेटकी दिसते, आणि ठेवींची एकूण बेरीज पैन्‌पै जुळते, म्हणून हिशेब तपासणाऱ्यालाही संशय येत नाही. चूक उघडकीस येते ती व्याज वाटपाच्या वेळी, आणि तोपर्यंत त्याच यादीवर इतर तिघांनी महिनाभर काम केलेले असल्यामुळे आवृत्त्यांच्या इतिहासातून जुनी यादी परत आणावी तर त्यांचे काम जाते. यावर उपाय एवढाच, की क्रम लावण्यापूर्वी सर्व स्तंभ निवडले आहेत याची खात्री करावी, आणि केवळ स्वतःला पाहण्यापुरती निराळी मांडणी हवी असेल तर गूगलच्या कोष्टकात ‘फिल्टर व्ह्यू’ म्हणून जी स्वतंत्र सोय आहे तीच वापरावी. साधी चाळणी लावली तर तिने लपवलेल्या ओळी इतर भागीदारांच्याही पडद्यावरून लपतात, आणि सभासद कोठे गेले म्हणून एकच हाकाटी होते.

आता ज्या प्रकरणाकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो, ते मराठी अक्षरांविषयीचे आहे. इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत या गोंधळांचा उल्लेखही नसतो, आणि आपल्या कचेऱ्यांत तर त्यांच्यावाचून दिवस जात नाही. संगणकावर मराठी छपाई सुरू झाली तेव्हा इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसवलेले टंक वापरात आले. कागदावर उमटणारा मजकूर सुबक मराठी असे, परंतु यंत्राच्या स्मृतीत ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक जंत्री असे. असा जुना मजकूर आंतरजालावरील प्रणालीत चिकटवला की तो तसा निरर्थकच दिसू लागतो. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने भारतीय लिप्यांच्या संगणकीय व्यवहारासाठी जे कार्य केले ते मोलाचे आहे, आणि १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली तीतच देवनागरीचा समावेश भारतीय मानकाच्या आधारे झालेला होता. युनिकोडात प्रत्येक वर्णाला जगभर एकच निश्चित संकेतांक मिळाला, त्यामुळे एका यंत्रावर लिहिलेले मराठी दुसऱ्यावर निश्चिंतपणे वाचता येऊ लागले. परंतु वाचता येणे आणि शोधता येणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत.

‘शेतकऱ्यांची यादी’ यातील ‘ऱ्य’ पाहावा. चंद्रकोरीसारखा अर्धा र हा मराठीचा खास विशेष असून तो यंत्रात एकाहून अधिक रीतींनी साठवता येतो : नुक्त्याचा ‘ऱ’ हा स्वतंत्र वर्ण घेऊन त्याला हलन्त जोडता येतो, किंवा साधा ‘र’ आणि हलन्त घेऊन त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवता येते. इन्स्क्रिप्ट कळफलकावर टंकलेखन करणारा पहिली रीत वापरतो, इंग्रजी उच्चारांवरून मराठी उमटवणारी काही साधने दुसरी वापरतात. पडद्यावर दोन्ही ठिकाणी एकच ‘ऱ्य’ दिसतो. यंत्राच्या दृष्टीने मात्र ती दोन सर्वस्वी भिन्न अक्षरे आहेत. त्यामुळे तालुक्याच्या यादीत ‘कऱ्हाड’ डोळ्यांसमोर दिसत असते आणि शोधयंत्र म्हणते, असे गाव नाही. ‘ॲ’ची कथाही तीच. हा पूर्ण वर्ण युनिकोडात २००८ साली आला. त्यापूर्वीपासून अनेकांना ‘अ’ काढून त्यावर अर्धचंद्राची मात्रा देण्याची सवय आहे, म्हणून एका लिपिकाने नोंदवलेले ‘ॲड.’ दुसऱ्याने शोधलेल्या ‘अॅड.’ला सापडत नाही आणि वकिलांच्या यादीत एकाच वकिलाची नोंद दोनदा होते. ज्या कोष्टकात नावांवरून जुळणी करावयाची असते तिथे हा दोष फार महाग पडतो. लाभार्थ्याचे नाव दोन्ही याद्यांत असूनही ‘जुळत नाही’ असा शेरा पडतो, आणि तो गरीब माणूस आपले नाव शुद्धलेखनानुसार बरोबर असल्याचे सिद्ध करण्यासाठी हेलपाटे घालतो. हे मला फार लागते. अक्षरांच्या साठवणुकीतील भेदापायी माणसाला त्याचे देणे नाकारले जावे, यापरता अन्याय नाही, आणि तो टाळणे संपूर्णपणे आपल्या हाती आहे : एका कचेरीने एकच टंकपद्धती ठरवावी, जुन्या याद्या एकदा एकसारख्या करून घ्याव्यात, आणि जुळणी शक्य तो नावावरून न करता क्रमांकावरून करावी.

क्रमांकांवर विसंबावे तर त्यांच्याही काही खोडी आहेत. देवनागरी आकड्यांना अनेक कोष्टक-प्रणाली संख्या मानीत नाहीत, अक्षरे मानतात. सबंध स्तंभ मराठी आकड्यांनी भरून खाली बेरीज मागितली की शून्य येते. आकडे देवनागरीत हवेत हा आग्रह रास्तच आहे, आणि छापील प्रतीत तो पाळावाच. परंतु हिशेबाच्या मूळ कोष्टकात प्रणालीला कळणारे आकडे ठेवावेत. बँकेचे खाते क्रमांक याच्या नेमके उलट वागवावे लागतात. खाते क्रमांक दिसतो आकड्यांसारखा, पण त्याची बेरीज-वजाबाकी कोणी करीत नाही. ते एक नावच होय. त्याला संख्या मानले की आरंभीची शून्ये गळतात, आणि एक्सेल कोणत्याही संख्येचे पहिले १५ अंकच अचूक राखीत असल्यामुळे सोळाव्या व पुढील अंकांच्या जागी निमूटपणे शून्ये बसतात. यास्तव त्या स्तंभाचे स्वरूप आधी ‘मजकूर’ असे ठरवावे, आणि मगच क्रमांक लिहावेत. मागाहून ठरवून गळलेला अंक परत येत नाही. तारखांच्या बाबतीत तर जगातल्या मोठमोठ्या विद्वानांनाही नमते घ्यावे लागले आहे. मानवी जनुकांना संक्षिप्त नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० साली काही जनुकांची नावेच बदलली, कारण ‘मार्च १’ किंवा ‘सेप्ट १’ यांसारखी नावे कोष्टकात लिहिताच ती तारखा होऊन बसत. आपल्याकडचा नित्याचा घोटाळा याहून साधा आहे : ०३/०४ हा भारतीय मांडणीत ३ एप्रिल आणि अमेरिकी मांडणीत ४ मार्च, आणि कोष्टकाची मांडणी कोणत्या देशाची आहे हे त्याच्या सेटिंगांत कोठेतरी आत नमूद असते. मराठेशाहीच्या पत्रांत चांद्र तिथीला ‘छ’ लिहून महिन्याचे नाव आणि शुहूर सन अक्षरी देत. ती कालगणना आज आपल्याला दुर्बोध वाटते, पण कोणती तारीख कोणत्या गणनेची याविषयी ती पत्रे संदिग्ध नसतात. वर्ष, महिना, दिनांक या क्रमाने तारीख लिहिण्याचे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ पासून अस्तित्वात आहे. निदान फायलींच्या नावांत तरी ते वापरले, तर फायली आपोआप कालक्रमाने लागतात.

अंकीय स्वाक्षरीविषयी लोकांच्या मनात जितका संभ्रम आढळतो तितका क्वचितच दुसऱ्या कशाविषयी आढळत असेल. सातबारा उताऱ्याचेच पाहावे. भूमि अभिलेखाच्या संकेतस्थळावर तो विनामूल्य पाहता येतो, पण ती प्रत केवळ माहितीसाठी असते. कायदेशीर कामासाठी अंकीय स्वाक्षरी केलेला उतारा १५ रुपये शुल्क भरून निराळा घ्यावा लागतो. शेतकरी पहिली प्रत छापून बँकेत नेतो आणि परत पाठवला जातो, हा झाला एक प्रकार. दुसऱ्या प्रकारात तो स्वाक्षरीचीच प्रत घेतो, पण फाइल उघडताच स्वाक्षरीवर पिवळे प्रश्नचिन्ह आणि ‘पडताळणी झालेली नाही’ असा शेरा दिसतो, आणि उतारा बनावट असल्याची त्याची व पुष्कळदा बँकेतील माणसाचीही समजूत होते. वस्तुतः ते प्रश्नचिन्ह उताऱ्याविषयी काहीच सांगत नसते. वाचणाऱ्याच्या संगणकाला भारतातील प्रमाणन प्राधिकरणाच्या मूळ प्रमाणपत्राचा परिचय करून दिलेला नाही, एवढेच ते सांगते. तो परिचय एकदा करून दिला की त्या जागी हिरवी खूण येते. खरा धोक्याचा इशारा निराळा असतो : स्वाक्षरीनंतर दस्तऐवजात बदल झाला आहे, अशा अर्थाचा. कारण माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने जिला मान्यता दिली ती अंकीय स्वाक्षरी म्हणजे सहीचे चित्र नव्हे. ती दस्तऐवजातील समग्र मजकुरावरून गणिताने काढलेली खूण असते, आणि मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी ती जुळेनाशी होते. मोर्तबाने आणि सांध्यावरच्या शिक्क्याने जे साधावयाचे ते ही खूण अधिक काटेकोरपणे साधते. मात्र ती फाइलीत असते, कागदावर नसते. छापलेल्या प्रतीवर तिचे केवळ चित्र उमटते, आणि चित्राची पडताळणी करता येत नाही. म्हणून अंकीय स्वाक्षरीचे दस्तऐवज छापून मूळ फाइल पुसून टाकण्याचा जो प्रघात काही कचेऱ्यांत पडला आहे, तो ताबडतोब बंद झाला पाहिजे : तिथे जतन होते ती नक्कल, आणि नष्ट होते ते मूळ.

या पुस्तिकेतील प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. परंतु अखेरचे प्रकरण संस्थेच्या प्रमुखांनी तरी आधी वाचावे, अशी माझी विनंती आहे. ते बदली आणि निवृत्ती यांविषयी आहे. पूर्वी टेबल सोडणारा कर्मचारी प्रभार यादी करून फायली, वह्या, शिक्के आणि कपाटांच्या किल्ल्या मोजून देई, आणि घेणारा त्या यादीवर सही करी. आज संस्थेचे निम्मे दफ्तर एखाद्या उत्साही कर्मचाऱ्याने स्वतःच्या खाजगी खात्यात उघडलेले असते. इतरांना तिथे केवळ प्रवेश असतो, मालकी त्याची एकट्याची. तो निवृत्त होऊन गावी गेला, आपल्या खात्यातील जुन्या फायली नको म्हणून त्याने काढून टाकल्या, तर गूगलच्या कचरापेटीतून त्या ३० दिवसांनी कायमच्या जातात. आणि त्याने ते खाते उघडलेच नाही, तर दोन वर्षे वापरात नसलेली व्यक्तिगत खाती रद्द करण्याचा अधिकार गूगलने राखून ठेवलेला असून डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणीही सुरू झाली आहे. यात त्या कर्मचाऱ्याचा यत्किंचितही दुष्ट हेतू नसतो. त्याला कोणी विचारलेलेच नसते. म्हणून प्रभार यादीचा एक नवा नमुना त्या प्रकरणाच्या शेवटी जोडला आहे. त्यात प्रत्येक दस्तऐवजाचे नाव, तो कोणाच्या खात्याच्या मालकीचा आहे, मालकी संस्थेच्या खात्याकडे केव्हा वर्ग झाली, आणि संबंधित संकेतस्थळाचा परवलीचा संदेश कोणाच्या भ्रमणध्वनीवर येतो, असे स्तंभ आहेत. यांपैकी शेवटचा स्तंभ सर्वांत आधी भरावा. तो क्रमांक निवृत्त माणसाचा असेल, तर त्याचा निरोप समारंभ होण्यापूर्वी, तो कचेरीत हजर असतानाच, बदलून घ्यावा.